थोडी काळजी

शनिवार पेठेतली निम्मी पोरं बयाबाई शिंत्रेच्या हातावर जगात आली होती. नवरा टायफॉइडनं गेला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, मराठी सातवी पास. मूलबाळ नव्हतं. दीर म्हणाला, घरात राहा, भाकऱ्या थाप, तुझं पोट काय आम्हाला जड न्हाय. तिनं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या महिन्यात सुईणकामाच्या वर्गाला नाव घातलं. शिकून झाल्यावर गावातल्या एका ट्रस्टच्या प्रसूतिगृहात ती लागली आणि तिथंच पंधरा वर्षं राहिली. अंगानं सडपातळ, बोलायला फटकळ, आणि हाताला गुण असा की अडलेल्या बाईनं डोळे उघडून आधी विचारावं, ‘बयाबाई आल्या का?’

१९५० साल. आषाढ लागलेला. गगनबावड्याकडच्या एका वाडीतून तानूबाई नावाची बाई आणली. पावसानं वाट अडवलेली, निम्मा रस्ता बैलगाडीत आणि निम्मा मोटारीत काढून ती पोचली तेव्हा दुपार झाली होती. मूल पोटातच गेलेलं. ते सुटलं, पण रक्त काही थांबेना.

बयाबाईनं खाटेचा पायथा विटांवर चढवला, पोटावर हात दाबून धरला आणि गुंडूला हाक मारली. गुंडू म्हणजे तिथला म्हातारा शिपाई. ‘पळ, डॉक्टरास्नी सांग, बाई जायला लागली.’ डॉक्टरांचा बंगला हाकेच्या अंतरावर. गुंडू भिजत गेला, भिजत आला. ‘येतो म्हणालं.’ अर्ध्या तासानं पुन्हा गेला. ‘पावणं बसल्यात, चहा हुतोय.’ तिसऱ्यांदा गेला तेव्हा डॉक्टर कपडे करत होते. ते आले त्या वेळी बयाबाईचा हात पोटावरच होता, तानूबाईचं अंग मात्र गार पडलेलं होतं.

तानूबाईची आई दारात बसून होती. तिला कुणी काही सांगितलं नाही. बयाबाईच्या कोपरापर्यंत लाल झालेल्या हाताकडे तिनं एकदा पाहिलं, आणि तेवढंच तिनं मनात धरलं.

संस्थान वर्षापूर्वीच मुंबई राज्यात मिळालं होतं. प्रसूतिगृहाचं अनुदान आता मुंबईहून यायचं आणि तपासणीला मुंबईच्याच एक पारशी डॉक्टरीणबाई यायच्या. त्यांचं मराठी भाजी घेण्यापुरतं. चौकशी लागली ती त्यांच्यासमोर, म्हणून जबान्या इंग्रजीत लिहायच्या ठरल्या. लिहिणार कोण? बाळासो इंगवले.

बाळासो प्रसूतिगृहाचा हेडक्लार्क. अंगात बंद गळ्याचा कोट, खिशाला दोन पेनं. साऱ्या पेठेत त्याच्या इंग्रजीचा दबदबा होता. कुणाला नोकरीचा अर्ज लिहायचा असो, कुणाला मुंबईच्या व्यापाऱ्याला पत्र, लोक बाळासोच्या ओट्यावर चपला काढून बसत. मराठी वाक्य पुरतं व्हायच्या आत त्याचं इंग्रजी कागदावर उतरलेलं असे. लोक लेखणीच्या वेगाकडे बघत राहात. काय लिहिलं ते वाचणारा त्यांच्यात कुणी नव्हताच.

‘हं, बोला बयाबाई,’ बाळासो म्हणाला.

समोर डॉक्टर बसलेले, मुंबईच्या बाई बसलेल्या. मोठ्यांसमोर आपल्याच कामाचा डांगोरा कसा पिटायचा? बयाबाई खाली मान घालून म्हणाली, ‘डॉक्टर येईस्तोवर थोडी काळजी मी घेतली. डॉक्टरास्नी काही निरोपबी धाडलं.’

बाळासोची लेखणी सरसर फिरली. ‘आय टुक लिटल केअर ऑफ द पेशंट. आय सेंट फ्यू मेसेजेस टु द डॉक्टर.’ मग त्यानं तेच मराठीत वाचून दाखवलं. ‘मी रोग्याची थोडी काळजी घेतली. डॉक्टरांना काही निरोप पाठवले. बरोबर की?’

‘व्हय, बरोबर हाय,’ म्हणून तिनं सही केली.

गुंडूला कुणी काही विचारलं नाही.

महिन्यानं हुकूम आला. कामावरून कमी. सुइणींच्या यादीतून नाव बाद. खाली जबानीची नक्कल डकवलेली. बाळासोनं हुकमाचा सारांश सांगितला, ‘स्वतःच्या कबुलीवरून काढलंय, बयाबाई. मी तरी काय करणार?’

‘कसली कबुली? मी कुठं काय कबूल केलं?’

‘सही तुमचीच आहे की.’

रविवारच्या बाजारात तानूबाईची आई समोर आली. हुकमाची बातमी गगनबावड्यापर्यंत पोचली होती. म्हातारीनं भर बाजारात बयाबाईच्या पायाशी थुंकून म्हटलं, ‘काळजी घेतली न्हाय म्हणून लिवून दिलंस न्हवं? माझी लेक हुती ती, कुत्रं न्हवतं.’ भोवती बाया जमल्या. त्यांतल्या चौघींची बाळंतपणं बयाबाईनंच केली होती. एकीनंही तोंड उघडलं नाही.

ती तशीच बाजारातून निघाली ती थेट कुतुबुद्दीन मास्तरांच्या घरी गेली. मास्तर हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवून घरी बसलेले. त्यांची बायको रोशनबी. तिची शेवटची दोन बाळंतपणं बयाबाईच्या हातची. बयाबाईनं पिशवीतून काढून हुकूम आणि नक्कल मास्तरांपुढे टाकली. ‘मास्तर, ह्यात काय लिवलंय ते मला सांगा. गोड करून सांगू नका.’

मास्तरांनी चष्मा लावला. वाचलं आणि पुन्हा वाचलं. ‘तुम्ही जबानीत काय बोलला होता?’

तिनं सांगितलं.

‘बयाबाई, इंग्रजीत दोन थोडं असतात,’ मास्तर सावकाश म्हणाले. ‘‘ए लिटल केअर’ म्हटलं तर थोडी का होईना, काळजी घेतली. नुसतं ‘लिटल केअर’ म्हटलं तर काळजी घेतली म्हणण्यासारखी घेतलीच नाही. फ्यूचंही तसंच. ‘ए फ्यू मेसेजेस’ म्हणजे चारदोन निरोप पाठवले. ‘फ्यू मेसेजेस’ म्हणजे निरोप जवळजवळ गेलेच नाहीत.’

‘आनि हितं काय हाय?’

‘इथं ‘ए’ नाही.’

‘एकच अक्षर?’

‘एकच.’

बयाबाईनं कागद उचलला. अक्षरांवरून बोट फिरवत ती म्हणाली, ‘ते अक्षर हितं कुठं बसायचं हुतं, दावा.’ मास्तरांनी दोन शब्दांमधल्या फटीवर नख टेकवलं. मुंगीही बसली नसती एवढी जागा. ती बघत राहिली. रोशनबीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिला दिसलाही नाही.

‘त्या डॉक्टरला वाचवाय केलं बाळासोनं,’ ती शेवटी म्हणाली. ‘ठरवून केलं. मास्तर, मला इंग्रजी शिकवा.’

‘या वयात? कशाला?’

‘त्येला त्येच्याच भाषेत गाडायचाय.’

मास्तर हसले, पण ती हसत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती येऊ लागली. पोटासाठी तिनं बाळ-बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायचं काम धरलं. त्याला यादीतलं नाव लागत नाही. सकाळी चार घरची पोरं पायांवर घालून न्हाणायची आणि दुपारी मास्तरांच्या बाहेरच्या सोप्यात पाटी घेऊन बसायचं. चाळिसाव्या वर्षी तिनं ए बी सी डी गिरवली. मास्तरांच्या नाती खुदुखुदु हसायच्या. तिनं एकदाच डोळे वटारले, मग त्याही तिच्या शेजारी पाटी घेऊन बसू लागल्या.

तरतमभाव आला तेव्हा तिला नवलच वाटलं. ‘आपल्यात सोपं हाय की मास्तर. चांगला, त्येच्यापेक्षा चांगला, सगळ्यांत चांगला. शब्द जाग्यावरच ऱ्हातो.’

‘इंग्रजीत शब्दच फिरतो. गुड, बेटर, बेस्ट. लिटल, लेस, लीस्ट.’

‘आनि वाईटाचं?’

‘बॅड, वर्स, वर्स्ट.’

हे तीन शब्द तिच्या तोंडात एका दमात बसले. बॅड म्हणताना डॉक्टर डोळ्यांसमोर यायचे, वर्स म्हणताना बाजारातल्या त्या चौघी बाया. वर्स्टला बाळासोचा बंद गळ्याचा कोट. घरी चुलीपुढं बसून ती हे शब्द फुंकणीच्या फुंकरीसारखे सोडायची.

रोज संध्याकाळी ती मुद्दाम वाकडी वाट करून प्रसूतिगृहावरून जायची. बाळासो सायकल काढताना दिसायचा. कधी त्याची नजर गेलीच, तर ‘काय बयाबाई, बरं हाय न्हवं?’ असंही विचारायचा. ती थांबायची नाही. घरी आली की तिचं जेवण गोड लागायचं नाही, आणि एखाद्या दिवशी तो दिसला नाही तर मुळीच लागायचं नाही.

दोन वर्षांनी तिला सावकाश का होईना, वाचता येऊ लागलं. तेव्हा तिनं पुढचं काम काढलं. न्हाणं घालायला ज्या घरी जाई, तिथं पोराच्या टाळूवर तेल थापता थापता विचारी, ‘तुमच्याकडं बाळासोनं लिवलेला कागद हाय का वो?’ कुणाकडे अर्जाची नक्कल निघे, कुणाकडे साभार परत आलेला अर्ज. डॉक्टरांसाठी आणखी कुणाकुणाचे गळे त्यानं कापलेत ते तिला शोधायचं होतं. तिनं ते कागद कापडी पिशवीत साठवले.

त्या पिशवीतून निघालं ते भलतंच.

जोतीराम नावाचा मोटार-ड्रायव्हर होता. नव्या नोकरीच्या अर्जात त्यानं सांगितलं होतं, माझ्या हातून म्हणण्यासारखे अपघात नाहीत. तिथं फ्यूच्या आधी ‘ए’ नको होता, तर बाळासोनं नेमका घातला होता. चारदोन अपघात केलेत, असं जोतीराम स्वतःच लिहून देऊन बसला आणि नोकरी हुकली. हुपरीच्या एका पैंजणवाल्यानं मुंबईच्या पेढीला कळवायला सांगितलं होतं की आठवड्याला जास्तीत जास्त शंभर जोड देऊ. बाळासोनं ‘ॲट मोस्ट’च्या जागी ‘ॲट लीस्ट’ लिहिलं, म्हणजे कमीत कमी शंभर. माल पुरा पडेना, पेढीनं त्याला लबाड ठरवून व्यवहार तोडला. एका मुलीच्या शिफारशीत ती वर्गात सगळ्यांत हुशार, एवढंच म्हणायचं होतं; तिथं नुसतंच बरी हुशार आहे असं उतरलं होतं.

मास्तरांनी सगळे कागद चटईवर मांडले. बराच वेळ वाचून म्हणाले, ‘बयाबाई, या माणसानं मुद्दाम काहीच केलेलं नाही. त्याला फरकच माहीत नाही. मनात येईल तिथं ‘ए’ घालतो, मनात येईल तिथं गाळतो. हा दुष्ट नाही, अडाणी आहे.’

 दोन वर्षं बयाबाईनं त्याला कपटी म्हणून मनात जपलं होतं. डॉक्टरांनी त्याला कोपऱ्यात घेऊन काय सांगितलं असेल, तो काय म्हणाला असेल, हे सारं तिनं शब्द न् शब्द रचून ठेवलं होतं. आणि आता कळत होतं की तसं काही घडलंच नव्हतं.

‘मग सोडून द्या आता,’ मास्तर म्हणाले. ‘खरा गुन्हा डॉक्टरांचा. चहा घेत बसले ते.’

‘डॉक्टर आफ्रिकेला गेलं मास्तर. त्येनी काय हाताला लागत न्हाईत. ह्यो लागतोय.’

‘पण त्याचा हेतू...’

‘हेतू!’ ती उसळली. ‘मुद्दाम केलं असतं तर निदान माझ्याकडं बघून केलं असतं. ह्येनं बघितलंबी न्हाय. बाई हाय, लिव कायतरी, मार शिक्का. मास्तर, मी माफ करायला देवी न्हाय. तुमी शिकवणार असशीला तर शिकवा, न्हायतर दुसरा मास्तर बघतो.’

मास्तरांनी पुस्तक उघडलं.

आणखी चार वर्षं गेली. या काळात कुणी तिला विचारलं असतं की तुझा राग निवला का, तर तिनं सांगितलं असतं की आता तर कुठं तो कामाला आलाय. पहिल्या वर्षी राग आला की तिची पेन्सिल पाटीवर मोडायची. आता ती थंडपणे एकेक कागद उतरवून काढी, चुकीखाली रेघ मारी, बाजूला बरोबर काय ते लिही.

१९५६ च्या हिवाळ्यात तीच पारशी बाई तपासणीला येणार असं गुंडूनं सांगितलं. तो अजून होता तिथं, आणखी वाकलेला. बयाबाईनं एका फुलस्केपवर अर्ज लिहिला. मास्तरांना दाखवला, पण एक शब्दही बदलू दिला नाही. सोबत जबानीची नक्कल आणि बाळासोच्या हातचे अकरा कागद. बाई टांग्यातून उतरल्या तशी ती पुढं झाली आणि पुडकं त्यांच्याच हातात दिलं. बाळासो मध्ये आला होता, ‘माझ्याकडं द्या, मी सादर करतो.’ तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी सगळ्यांना आत बोलावलं. ट्रस्टचे तीन सभासद, बाळासो, बयाबाई, आणि दुभाषे म्हणून कुतुबुद्दीन मास्तर. बाईंनी एका कोऱ्या कागदावर दोन वाक्यं लिहून बाळासोपुढं सरकवली. एक ‘ए’ असलेलं, एक नसलेलं. मास्तर म्हणाले, ‘दोन्हींचं मराठी सांगा, म्हणतायत.’

बाळासोनं कोट नीट केला. ‘मी थोडी काळजी घेतली.’

‘आणि दुसरं?’

‘मी...’ त्यानं कागद जवळ धरला, मग लांब धरला. ‘थोडी काळजी घेतली. तेच आहे की हे.’

 बाईंनी जोतीरामचा अर्ज पुढं ठेवला, मग हुपरीचं पत्र. दर कागदाला बाळासोचा आवाज एकेक पायरी उतरत गेला. पाचव्या कागदाला तो म्हणाला, ‘मला जरा पाणी...’ आणि खुर्चीत बसला. ट्रस्टचे एक सभासद छताकडे बघू लागले; त्यांच्या जावयाचा अर्जही बाळासोनंच लिहिलेला होता.

बयाबाई एकटक त्याच्याकडे बघत होती. सहा वर्षं ज्याच्यासाठी पाटी घासली ते हे. त्याच्या कपाळावरचा घाम, कानामागची शीर, काहीही तिनं सोडलं नाही. असं पोटभर तिनं कैक दिवसांत काही बघितलं नव्हतं.

मग बाईंनी तिला त्या दिवशी काय झालं ते विचारलं. इंग्रजी उत्तर तिनं पाठ करून आणलं होतं, पण तोंड उघडलं तर त्यातलं एक अक्षर येईना. तानूबाईचं गार अंग तेवढं आठवलं. ती मराठीत बोलू लागली आणि मास्तर वाक्य-वाक्य इंग्रजीत सांगू लागले. विटा सांगितल्या, दाबून धरलेला हात सांगितला. निरोपांपाशी आल्यावर मास्तर म्हणाले, ‘शी सेंट सम मेसेजेस...’

‘थांबा मास्तर,’ ती म्हणाली. ‘सम न्हाय. थ्री. तीन निरोप. मोजून.’

मास्तरांनी मान तुकवली. ‘थ्री मेसेजेस.’

‘आनि हात दोन तास हुता पोटावर. तेबी तसंच सांगा.’

गुंडूला बोलावलं. त्यानं तिन्ही वेळची उत्तरं सांगितली, चहासकट. बाईंचा चेहरा लाल झाला. सहा वर्षांपूर्वी या म्हाताऱ्याला एक प्रश्न विचारायचा त्यांच्याकडूनही राहून गेला होता. तसं त्या बोलूनही गेल्या, आणि मास्तरांनी ते मराठीत सांगितलं. बयाबाईनं ऐकलं. ‘असू दे’ असं ती म्हणाली नाही.

हुकूम रद्द झाला. नाव पुन्हा यादीत आलं, आणि जूनपासून ती कामावर रुजू झाली. नवा हुकूम घेऊन ती आधी गगनबावड्याच्या मोटारीत बसली होती. पण तानूबाईची आई दोन वर्षांमागंच वारलेली. तिथं गावच्या पारावर उभं राहून बयाबाईनं कागद मोठ्यानं वाचला, त्याचं मराठी करून सांगितलं, आणि परतीची मोटार धरली. त्या म्हातारीला ऐकवायचं राहिलं, तेही तिनं बाळासोच्याच नावावर मांडलं.

बाळासोची नोकरी राहिली, पण लेखणी गेली. कापूस, फिनेल, चादरी काढून द्यायच्या कोठीत त्याला बसवलं. पेठेत बभ्रा झाला. जोतीराम एका सकाळी त्याच्या दारात उभा राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, ‘ओ इंगवले, माझं अपघात मोजा की जरा!’ ओट्यावर चपला दिसेनाशा झाल्या. बंद गळ्याचा कोट जाऊन सदरा आला.

बयाबाईला रोज त्याच्याच खिडकीतून कापूस घ्यावा लागे. ती चिठ्ठी सरकवायची, तो कापूस सरकवायचा. एकदा त्यानं खिडकीचा गज धरून हळू आवाजात म्हटलं, ‘बयाबाई, माझ्या मनात काही नव्हतं हो. देवाशपथ. एकदा तरी माफ केलं म्हणा.’

‘तुमच्या मनात कायबी न्हवतं, तेच तर माझं दुखणं हाय,’ ती म्हणाली. ‘चार गाठोडी द्या आज.’

त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही.

रोशनबी एकदा तिला म्हणाली होती, ‘आता तरी बस करा बयाबाई. त्याचं काही उरलं नाही.’ बयाबाई म्हणाली, ‘माझी सा वरसं बी उरली न्हाईत.’ आणि रोशनबीच्या नातवाला पायांवर घेऊन तेल लावू लागली.

१९५८ च्या मार्गशीर्षात बाळासोची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. अडली. प्रसूतिगृहात आणली तेव्हा दुसरी सुईण रजेवर होती. असती तरी बाळासोनं बयाबाईलाच बोलवा म्हटलं असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बयाबाई पहाटे आत गेली ती दुपारी बाहेर आली. मधल्या वेळात तिनं पाण्याचा घोटही घेतला नाही. मुलगी घाबरून तिचा हात सोडत नव्हती, आणि बयाबाईनंही तो सोडवला नाही. ‘कळ दे गं माझी बाय, कळ दे,’ म्हणत ती तिच्या कानाशी बसून होती.

व्हरांड्यात बाळासो खांबाला टेकून उभा होता. बयाबाई दारात आली. तिच्यापासून तो दोन हातांवर. तो पुढं झाला, हात जोडले. तिनं मान वळवून व्हरांड्याच्या टोकाला बसलेल्या गुंडूला हाक मारली.

‘गुंडू, इंगवल्यास्नी सांग, मुलगी झाली. सात पौंड भरली. दोघी चांगल्या हायत.’

गुंडू उठला, गुडघे धरत सावकाश बाळासोपर्यंत आला आणि ऐकलेलं सगळं त्याला पुन्हा सांगितलं. बयाबाई नळाकडे हात धुवायला गेली.